काही नाही, चालू दे

ही पोस्ट तीनदा लिहिली, तीनदा उडवली. शेवटी या दुसऱ्या खात्यावरून टाकतेय, कारण मूळ खात्यावर माझी आत्या आहे आणि ती सगळं वाचते.

विषय शिबारी. जोडप्यातल्या एकाने दुसऱ्याला दोरीने बांधायची जपानी रीत. आम्ही दोघं चाळिशीतले, लग्नाला चौदा वर्षं झालेली, तोक्योत निशी-कासाईला राहतो. कुणाला हे वाचवत नसेल तर त्याने इथेच थांबावं, माझा राग नाही. पण आपल्याकडचे कित्येक जण मोबाइलवर फोटो बघून हे घरी करून पाहतात, हे मला इनबॉक्समधून कळलंय. म्हणून लिहितेय.

सगळ्यांना वाटतं, शिकायचं ते बांधणाऱ्याने. माझं मत उलटं आहे. आधी बांधून घेणाऱ्याने शिकावं.

हे शिकायला लागल्यावर चौथ्या महिन्यात आम्ही ताकाते-कोते ही बांधणी करायला गेलो. हात पाठीमागे दुमडलेले, दंडांवरून आणि छातीवरून वेढे. सगळ्या फोटोंत हीच असते आणि नवशिक्यांनी सगळ्यात उशिरा हात लावावा अशीही हीच. नवरा मधूनमधून विचारत होता, "ठीक आहेस ना?" मी म्हणत होते, "काही नाही, चालू दे." अंगठ्यामागे मुंग्या आल्या होत्या. दुखत नव्हतं, मग कशाला त्याचा विरस करा? सोडल्यावर चहाचा कप उचलायला गेले तर मनगट वरच होईना. पंजा नुसता लोंबत होता.

दंडाच्या बाहेरच्या बाजूने रेडियल नर्व्ह हाडाला वळसा घालून खाली उतरते. तिथे वेढा रुतला की मनगट आणि बोटं मागे उचलायची ताकद जाते. आम्ही लक्ष ठेवत होतो रक्ताभिसरणावर: बोटं निळी पडली का, गार लागतात का. ते बघायचंच, पण ते डोळ्यांना दिसतं आणि दोर सैल केला की बहुधा लवकर पूर्ववत होतं. नर्व्ह मात्र काही मिनिटांत दुखावते, कधीकधी न दुखता, आणि बरी व्हायला आठवडे-महिने घेते. मला सहा आठवडे लागले. डॉक्टरांना खरं ते सांगितलं. त्यांनी भुवईसुद्धा उचलली नाही, फक्त विचारलं, दोर किती वेळ होता. (खरं सांगा हो डॉक्टरांना. 'झोपेत हात अवघडला' म्हणून काय मिळणार?)

चूक दोराची होती, त्याहून जास्त माझी. 'सोस जरा', 'एवढ्याने काय होतंय' हे ऐकतच आपण मोठ्या होतो. इथे जपान्यांकडे त्यालाच 'गामान' म्हणतात आणि त्याचं कौतुकही करतात. दोन्हीकडचं सोसणं माझ्या एका दंडात येऊन बसलं होतं. दोरात असताना जी बाई सोसते, ती बांधणाऱ्याला खोटी माहिती देत असते.

तेव्हापासून आमच्याकडे 'ठीक आहेस ना?' बंद. त्याचं उत्तर तोंड आपोआप 'हो' देतं. आता दर दोन-तीन मिनिटांनी हुकूम सुटतो: मनगट मागे वळव, बोटं फाक, माझी दोन बोटं दाब. जोर कमी वाटला की दोर निघतो, चर्चा नंतर. थांबायचा शब्द 'कोथिंबीर'. तो भलत्या क्षणी चुकून तोंडात येत नाही, हा त्याचा गुण. तोंडाने बोलणं शक्य नसेल तेव्हा हातात किल्ल्यांचा जुडगा. तो पडला की खेळ संपला. आणि 'हो' दरवेळी नव्याने विचारायचं. गेल्या शनिवारचं 'हो' या शनिवारी चालत नाही, नवरा असला तरी.

या विद्येचं मूळही फार गोड नाही, बरं का. एदो काळात (१६०३ ते १८६८) पकडलेल्या माणसाला जखडायची होजोजुत्सु नावाची विद्या होती. कैद्याचा दर्जा आणि गुन्हा बघून बांधणी बदलायची. पुढे चित्रकार इतो सेइउ (१८८२–१९६१) याच्यासारख्यांनी त्यातून शृंगाराची कला उभी केली. म्हणजे हे वेढे मुळात 'नको' म्हणायचा हक्क नसलेल्या माणसांसाठी घडले. म्हणून मला तो थांबायचा शब्द इतका महत्त्वाचा वाटतो.

दोर सहसा तागाचा, सहा मिलिमीटर जाड, सात-आठ मीटर लांब. आणल्यावर ज्योतीवरून झरझर फिरवून वरची कुसळं जाळायची, मग हलकं तेल. (सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं.) शिकायची पहिली गोष्ट एकच: एका मनगटाभोवती दोन-तीन शेजारी-शेजारी वेढे, खाली दोन बोटं जातील एवढी जागा, आणि ओढलं तरी न आवळणारी गाठ. नवरा शेतकऱ्याच्या घरातला. तो म्हणाला, गुराच्या गळ्यात कुणी सरकफास घालतं का? गूर ओढ घेणारच. तिथून पुढे त्याला शिकवावं लागलं नाही. महिनाभर तो खुर्चीचे पाय बांधत होता.

माणसाच्या गळ्यात मात्र कुठलीच गाठ नाही, सैलसुद्धा नाही. २०११ साली रोममध्ये एक तरुणी अशाच खेळात गळ्याभोवतीच्या दोराने गेली. लटकवणं वगैरे आम्ही आजही करत नाही, शिक्षकाशिवाय करणारही नाही. प्यायल्यावर नाही. आणि बांधलेल्या माणसाला एकटं सोडून पाणी आणायलासुद्धा जायचं नाही.

हाताशी कात्री हवी, बोथट टोकाची, अँब्युलन्सवाले कपडे कापायला वापरतात तसली. आमची पलंगाशेजारी खिळ्यावर असते. मागच्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. तिने विचारलं, ही कसली गं कात्री? म्हटलं, मलमपट्टीची. खोटं नव्हतं. दोन दिवसांनी बघते तर बाई त्याच कात्रीने सुक्या खोबऱ्याचे तुकडे करतेय. धार गेली. दुसरी आणली, आणि ती येईपर्यंत दोर कपाटातच राहिला.