‘चाळिशीत मरायचा’ म्हणे!

‘इंग्लंडच्या गरीब कारागिराचं लपवलेलं सत्य’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला कारागीर म्हणे चाळिशीत मरायचा, त्याला सही येत नव्हती, मत नव्हतं, वर्षाचे ३६५ दिवस राबायचा आणि पोरांनाही राबवायचा. एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण हे इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनला, बूटवाल्यांच्या शहरात, माझ्या भाच्याकडे पोचलं. त्याची बायको तिथलीच, तिच्या घराण्यात बूट शिवणारे. तिचा एक पूर्वज ७१व्या वर्षी वारल्याची नोंद मिळाली होती. ‘मामा, तेव्हा एवढं कोण जगायचं? दुसराच कुणीतरी असणार,’ म्हणत या शहाण्याने तो वंशावळीतून खोडून टाकला!

तेव्हा आधी चाळिशीचं बघू. आकडा खरा आहे, अर्थ साफ चुकलाय. विल्यम फार (Farr) या संख्याशास्त्रज्ञाने १८४१च्या जनगणनेवरून इंग्लंडची पहिली आयुर्मान सारणी, म्हणजे कुठल्या वयाच्या माणसाला पुढे सरासरी किती वर्षं मिळतात याचा तक्ता, तयार केली. तीत नुकत्याच जन्मलेल्या मुलाला सरासरी ४० वर्षं मिळतात. पण जरा खाली विसाव्या वर्षाची ओळ बघा: वीस गाठलेल्या पुरुषाला पुढे आणखी जवळपास ४०. म्हणजे साठी, आणि कितीतरी जण त्याच्याही पुढे जात. सरासरी खाली ओढली ती तान्ह्या बाळांनी. हजारातली दीडशेच्या आसपास वर्षाच्या आतच जात. एक भाऊ पाळण्यात गेला आणि दुसरा ८० वर्षं जगला, तर सरासरी चाळीसच येणार. त्या घरात चाळिशीत मेलं कोण? कुणीच नाही.

बरं, असे वंशावळवाले नुसतं खोडून थांबत नाहीत. रिकाम्या जागी त्याच नावाचा, लवकर मेलेला कुणीतरी आणून बसवतात, मग त्याचे आईबाप, मग त्यांचे. नोंदींतलं वय जुळत नाही, हाही माणूस दुसरा असल्याचा पुरावा नव्हे. १८४१च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत, खालच्या बाजूला उतरवून लिहायची सूचना होती. ३९चा माणूस तिथे ३५चा दिसतो.

सहीचं? १८४०च्या सुमाराससुद्धा विवाहनोंदवहीत तीनातले दोन नवरदेव स्वतः सही करत होते.

मत नव्हतं, हे १८६७पर्यंत बहुतांशी खरं. त्यानंतर शहरात स्वतःचं बिऱ्हाड असलेल्या कामगार पुरुषांना ते मिळालं. नॉर्थॅम्प्टनच्या बूटवाल्यांनी तर १८८०मध्ये उघड नास्तिक असलेल्या चार्ल्स ब्रॅडलॉंना निवडून दिलं. देवाच्या नावाने घ्यायच्या शपथेच्या वादावरून पार्लमेंट त्यांना बसू देईना, तर यांनी पुन्हा पुन्हा तोच माणूस पाठवला, १८८६मध्ये तो आत बसेपर्यंत. हेच ब्रॅडलॉ १८८९च्या मुंबई काँग्रेसला आले होते. आपल्याकडे तरी हे नाव विसरायला नको होतं.

३६५ दिवसांचं तर हसूच आलं. घरी बसून बूट शिवणारे सोमवारी सर्रास दांडी मारत आणि तिला ‘सेंट मंडे’ म्हणत. मालक वैतागत. मग आठवड्याच्या शेवटी रात्र रात्र जागून माल पुरा करायचा, तो भाग वेगळा.

पोरांचं मात्र खरं आहे, नाकारत नाही. काम घरातच, त्यामुळे सहा-सात वर्षांची मुलंही शिवायला बसत. शाळा सक्तीची व्हायला १८८० उजाडलं. फॉरवर्डवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.