चौक लिहिणारीचे नाव

'निर्वसाहतीकरण' (वसाहतवादाचा पगडा पुसून काढणे) हा जडशीळ शब्द हल्ली परिसंवादांतून वरचेवर ऐकू येतो. परंतु डहाणू-तलासरीकडच्या वारली बाईला त्यातून नेमके काय परत मिळायचे आहे, हे तिथे क्वचितच विचारले जाते, असे माझे मत आहे.

वारल्यांच्या लग्नात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक, म्हणजे तिचे चौकटीतले चित्र, सवाशिणी लिहितात ('काढतात' नव्हे, 'लिहितात' हाच तिथला शब्द) आणि लग्न लावणारी धवलेरीही बाईच असते. ज्या समाजाला आपण निरक्षर ठरवले, त्यात लिहिणे हा बायकांचा मान होता. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी हा चौक भिंतीवरून कागदावर आला आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेबद्दल वादच नाही. मात्र चित्राखाली सही करायची वेळ आली, तेव्हा ती बहुतेक पुरुषांचीच उमटली. (माझ्या घरच्या पडद्यावरही वारली चित्रांतला तारपा नाच छापलेला आहे, मूळ हात कोणाचा, हे मीही कधी विचारले नाही.)

जमिनीचेही तसेच झाले. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरचा हक्क ही सरकारची सवलत ठरली, आणि मोह, लाकूडफाटा वेचणाऱ्या बाईला त्याची झळ रोजच लागू लागली. पुढे लग्नासाठी कर्ज काढून पुरुष लग्नगडी, म्हणजे त्या कर्जापोटी जमीनदाराचा वेठबिगार, झाला की त्याची बायकोही जमीनदाराच्या राबणुकीत जाई. कम्युनिस्ट कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर आणि शेतकऱ्यांची संघटना असलेल्या किसान सभेच्या साथीने वारल्यांनी १९४५ मध्ये ही वेठ मोडून काढली. हे जमीनदार इंग्रज नव्हते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

१९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, म्हणून रूढीकडे बोट दाखवून मुलीचा वाटा डावलला जातो. संस्कृती जपण्याचा हा अर्थ मला मान्य नाही, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याची तरतूद आहे. दावा मात्र ग्रामसभेपुढे यावा लागतो, आणि ती सभा बायका शेतावर गेलेल्या असताना भरवायची की त्या घरी परतल्यावर, हे अजून गावातले पुरुषच ठरवतात.