‘अँटिक’ रिव्हॉल्वरला परवाना लागत नाही म्हणे!

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी मला एक संदेश पाठवला आणि खाली लिहिले, ‘दादा, घ्यावे का?’ त्यांची जयसिंगपुरात लहानशी सराफी पेढी आहे, रात्री दुकान वाढवून माल घेऊन घरी जावे लागते, त्यामुळे त्यांची काळजी खोटी नाही. संदेश मात्र साफ खोटा आहे, आणि तो ‘सराफ, पंपचालक व बागायतदार बांधवांसाठी उपयुक्त माहिती’ या मथळ्याखाली किमान चार गटांतून फिरून माझ्यापर्यंत आला आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: पन्नास वर्षांहून जुने आणि उत्पादन बंद झालेले रिव्हॉल्वर ‘अँटिक’ ठरते व त्याला परवाना लागत नाही, ते मूळ मालकाकडून शंभराच्या मुद्रांकावर लिहून घेता येते, जुने विलायती शस्त्र आजच्या देशी शस्त्रापेक्षा मजबूत असते, सुटे भाग आणि काडतुसे कुठेही मिळतात, आणि पुढे ते मुलाच्या नावावर आपोआप चढते. शेवटी एका रिव्हॉल्वरचे छायाचित्र, ‘चालू स्थितीत, तपासलेले’ ही ग्वाही आणि किंमत बावीस हजार रुपये.

सर्वांत घातक दावा पहिला आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. त्यात अर्धे सत्य आहे, हे मान्य करायला जिवावर येते, पण आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कायद्यातून वगळलेल्या गोष्टी दिल्या आहेत आणि त्याच्या खंड (क) मध्ये जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राचा उल्लेख आहे. संदेश लिहिणाऱ्याने वाक्य इथेच तोडले आहे. कायद्यातले वाक्य पुढे जाते आणि सांगते की असे शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. म्हणजे नळी बुजलेली, आतली यंत्रणा गेलेली, दिवाणखान्यात तलवारीशेजारी टांगण्यापलीकडे उपयोग नसलेली वस्तू. वयाला या कलमात महत्त्व नाही आणि कारखान्याने उत्पादन थांबवले की नाही यालाही नाही. प्रश्न एवढाच आहे की त्यातून बार उडू शकतो का. उडू शकत असेल, किंवा एखादा कमानीचा तुकडा बदलून उडवता येत असेल, तर कलम ३ लागू होते आणि परवाना हवाच. आता छायाचित्राखालचे ‘चालू स्थितीत’ हे दोन शब्द पुन्हा वाचा. ज्या सवलतीच्या जोरावर हा गृहस्थ शस्त्र विकू पाहतो, ती सवलत त्याच्याच जाहिरातीने संपवली आहे.

याची किंमत काय पडते तेही पाहावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र जवळ बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड आहे. पण हे साध्या बोअरच्या, म्हणजे नळीच्या साध्या मापाच्या, शस्त्रापुरते झाले. संदेशातले छायाचित्र मी मोठे करून पाहिले. वरून मोडणारी, म्हणजे बिजागरीवर नळी खाली झुकवून काडतुसे भरण्याची, वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्वरची घडण आहे आणि मुठीच्या बुडाशी दोरी ओवायची लोखंडी कडी आहे. ही कडी सहसा लष्कर किंवा पोलिसांसाठी घडवलेल्या रिव्हॉल्वरला असते आणि ब्रिटिश काळातली अशी रिव्हॉल्वरे बहुतेक .३८ किंवा .४५५ बोअरची होती. शस्त्र नियम, २०१६ नुसार ही दोन्ही काडतुसे, तसेच लष्करी ९ मिमी, ज्या पिस्तूल-रिव्हॉल्वरात बसतात ते ‘प्रतिबंधित बोअर’ ठरते. सामान्य नागरिकाचा .३२ चा परवाना तिथे चालत नाही, त्यासाठी केंद्र सरकारची विशेष परवानगी लागते, आणि ती नसताना असे शस्त्र सापडले तर शिक्षा सात वर्षांपासून सुरू होऊन चौदा वर्षांपर्यंत जाते. दरोडेखोराच्या भीतीने सराफाने स्वतः सात वर्षे आत जाण्याची सोय करून ठेवावी, असा हा सल्ला आहे, आणि तो ‘बांधवांसाठी’ म्हणून वाटला जातो आहे!

मुद्रांकाबद्दल फार लिहीत नाही. जुने शस्त्र एका परवानाधारकाने दुसऱ्याला विकणे कायदेशीर आहे, यात शंका नाही. पण कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाराचे नाव-पत्ता देऊन लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. घेणाराकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना आधी असावा लागतो, त्यामागे पोलीस पडताळणी असते, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण असते, आणि परवान्याला राष्ट्रीय नोंदवहीतला विशिष्ट क्रमांक असतो. शंभराचा मुद्रांक या प्रक्रियेत कुठेच येत नाही. उलट तो न्यायालयात आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

‘जुने विलायती लोखंड’ या मुद्द्यावर मात्र मी थोडा नरम आहे. माझ्या थोरल्या काकांकडे .३२ चे एक जुने इंग्लिश रिव्हॉल्वर होते आणि त्याचे पोलाद खरोखर सुरेख होते. वय झाल्यावर काकांनी ते विकायचे ठरवले, तेव्हा कोल्हापुरातल्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे मी त्यांच्यासोबत गेलो होतो. त्या म्हाताऱ्या विक्रेत्याने आधी दोनदा पाहून शस्त्र रिकामे असल्याची खात्री केली, मग घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा भाग, सावकाश मागे ओढून धरला आणि काडतुसांचे चक्र बोटांनी हलवून दाखवले. घोडा पूर्ण चढल्यावर चक्र जागच्या जागी गच्च बसायला हवे, ते दाताच्या फटीइतके इकडेतिकडे हलत होते. मग नळीत कागदाचा पांढरा कपटा धरून त्याने आतले खड्डे दाखवले, कुठल्याशा पावसाळ्यात तेल न लावता ठेवल्याची ती खूण होती. ‘बार होईल,’ तो म्हणाला, ‘पण चक्राचे भोक आणि नळी एका रेषेत नसतील, तर शिशाचा कीस बाजूला उडतो, आणि बाजूला तुमचा पुतण्या उभा असतो.’ सुट्या भागांचे विचारले तेव्हा तो हसला. बंद पडलेल्या शस्त्राचा भाग म्हणजे तसल्याच दुसऱ्या मोडक्या शस्त्रातून काढलेला, किंवा कानसून जमवलेला.

शिवाय अनेक जुन्या रिव्हॉल्वरांत घोड्याला अडवणारी सुरक्षा पट्टी नसते. घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असतो, आणि शस्त्र फरशीवर पडले तर चाप न दाबताही गोळी सुटू शकते. म्हणून जुनी मंडळी चक्रातले घोड्याखालचे काडतुसाचे घर रिकामे ठेवत. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी शिरली, ही बातमी सर्वांनी वाचली होती. तिथे निदान परवाना होता.

काडतुसांचे म्हणाल तर .३२ ची देशी काडतुसे मिळतात, बुडावर खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ ठसा असलेली, पण तीही परवाना दाखवून, त्यावर नोंद करून आणि ठरलेल्या संख्येतच. ‘कुठेही मिळतात’ हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा व्यवसाय कोणता असावा, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

किंमतही खोटेपणा सांगते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी पिस्तूल-रिव्हॉल्वरांची आयात जवळपास बंद झाली. त्यामुळे चांगल्या स्थितीतले, कागदपत्रे चोख असलेले, परवानायोग्य बोअरचे विलायती शस्त्र स्वस्त होत नाही, ते लाखांत जाते. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने काढलेले ‘निर्भीक’ हे साधे देशी .३२ रिव्हॉल्वरसुद्धा एक लाख बावीस हजारांच्या घरात होते. बावीस हजारांत ‘ओरिजिनल इंग्लंड’ मिळते आहे, याचा अर्थ ते चोरीचे आहे, त्याचा क्रमांक घासलेला आहे, किंवा तो विलायती नावाचा ठसा मारलेला गावठी कट्टा आहे. क्रमांक नसलेले अग्निशस्त्र विकणे कलम ८ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे.

वारसाचा दावाही अर्धवट आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर अथवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिल्यावर, वारसाला परवाना मिळू शकतो. मिळू शकतो, चढत नाही. अर्ज, पडताळणी सगळे पुन्हा होते आणि एका व्यक्तीकडे दोनच शस्त्रांची मर्यादा तिथेही लागू असते. धारकाच्या मृत्यूनंतर तोवर ते शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवायचे असते, घरातल्या तिजोरीत नव्हे.

हे सर्व मी बहिणीच्या यजमानांना लिहून पाठवले आणि जोडीला सुचवले की विकणाऱ्याकडे फक्त त्याचा परवाना क्रमांक आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या पत्राची पोच मागा. त्यांनी मागितली. उत्तर तासाभरात आले: ‘शेठ, ते सगळं असतं तर बावीस हजारांत दिलं असतं का?’