पावती क्रमांक ७३९३९१३३

नळाच्या नव्या मीटरसाठी अर्ज दिला, तेव्हा खिडकीतून एक गुळगुळीत चिठ्ठी हातात पडली. तिच्यावर आठ आकडे, ७३९३९१३३. ती मी स्कूटरच्या डिक्कीत टाकली आणि सीताबर्डीवर उसाचा रस प्यायला थांबलो. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात. डिक्कीत पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता. असल्या चिठ्ठीवर शाई नसतेच, उष्णतेनं कागदच काळा होतो, हे ज्ञान मला दुसऱ्या दिवशी खिडकीशी झालं. पत्र्याला टेकलेल्या बाजूचा शेवटचा ३ गडप झाला होता.

"भाऊ, सातच आकडे दिसून राह्यले. आठ पाह्यजेत."

शेजारी गणिताचे निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्या कूलरसमोर बसून रडगाणं गायलो. आकडा ऐकताच ते ताठ बसले.

"अरे, ही मूळ संख्या आहे! कशानंच फुटत नाही."

"भागून पाहिलंत?"

"८५९८ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागावं लागेल. हजारावर भागाकार! काहून करू? ओळखीची आहे ती." जावयाची ओळख करून द्यावी तसं ते सांगू लागले. "उजवीकडून एकेक आकडा खोडत जा. ७३९३९१३ मूळ, ७३९३९१ मूळ, थेट ७ पर्यंत. अशा संख्या मोजून ८३, त्यात ही सगळ्यांत मोठी. तुझं काहीच बिघडलं नाही."

माझं काय बिघडलं नाही ते मला कळलं नाही. चिठ्ठी आता पाकिटात ठेवली, तर काळेपणा घामासोबत पुढे सरकला. पुढच्या फेरीला ७३९३९ उरले, त्याच्या पुढच्या फेरीला ७३९. खिडकीतले साहेब दर वेळी खिन्न, मास्तर दर वेळी खूष. ७३९ ला तर त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला माझ्यादेखत ७, ११, १३ करत २३ पर्यंत भागलं. "सत्तावीसचा वर्ग ७२९, अठ्ठावीसचा ७८४. पुढे जायचं कामच नाही," म्हणाले, आणि मला आलूपोंगा खाऊ घातला. या प्रकरणात माझ्या पदरात पडलेली तेवढीच वस्तू.

शेवटी साहेबांनी सांगितलं, "सिस्टम बदलली. आता नऊ आकडी नंबर लागते."

मास्तरांना हे सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. "नववा कोणताही जोड, फुटेलच. सम आकडे, ० आणि ५ सोडूनच दे. १ जोडला तर अंकांची बेरीज ३९, ७ जोडला तर ४५, दोन्ही तीननं जातात. ३ अन् ९ लावूनही फुटतेच, फक्त मेहनत लागते. सांग तुझ्या साहेबाला!"

मी सांगितलं नाही. नवा अर्ज दिला, नवी चिठ्ठी मिळाली, ती डब्यात घालून घरी आणली आणि आधी मास्तरांना दाखवली. त्यांनी शेवटचा आकडा पाहिला. ४ होता.

"सम आहे," म्हणाले, चष्मा काढला आणि कूलरची टाकी भरायला उठले.