प्रतिक्रियेला उत्तर: स्टँडअलोन ईसीयू लावला की सगळं सुटतं का?

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: बाइकचं इंजिन बसवलेल्या किट कारला (सुटे भाग जोडून बनवलेल्या गाडीला) मूळ ईसीयू, म्हणजे इंधन आणि स्पार्क सांभाळणारा कॉम्प्युटर, आणि त्यावर पिगीबॅक, म्हणजे त्याचे सिग्नल बदलणारी जोडपेटी, हा मी सुचवलेला मार्ग म्हणजे ठिगळ आहे. तुमच्या सुझुकी हायाबुसा बाइकच्या इंजिनाच्या गाडीत लांब वळणावर इंजिन बंद पडतं, खालच्या गियरमध्ये दम वाटत नाही आणि रेडिएटरचा पंखा लागला की आयडल डगमगतं. तेव्हा सरळ स्टँडअलोन, म्हणजे मूळ ईसीयूच्या जागी बसणारा स्वतंत्र ईसीयू घ्यावा, हे तुमचं म्हणणं.

या तीन तक्रारींपैकी मॅपची (ईसीयूतल्या इंधन-स्पार्कच्या तक्त्याची) एकच आहे. एक सेन्सरची, एक विजेची. विजेची तक्रार नव्या ईसीयूबरोबरही जशीच्या तशी येईल.

आधी वळणाचं बघू. बाइकमध्ये टिप-ओव्हर सेन्सर असतो, बाइक आडवी पडली की इंजिन बंद करणारा. बाइक वळणात झुकते, त्यामुळे गुरुत्व आणि बाजूचा जोर यांची बेरीज सेन्सरला साधारण सरळ खालीच जाणवते. कार झुकत नाही. १ जी (गुरुत्वाइतका) बाजूचा जोर आला की सेन्सरला आपण ४५ अंश कललोय असं वाटतं, १.२ जी ला ५० अंश. तो इंजिन बंद करतो ६५ अंशांच्या आसपास. म्हणजे कागदावर गाडी वाचते. पण मूळ रबर काढून सेन्सर थेट चासीवर बोल्टने आवळला असेल, त्यात जरा तिरका बसला असेल, तर कर्बचा एक दणका पुरतो.

पण हे पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकल्यामुळेही होऊ शकतं. दोन्हींतला फरक ओळखणं सोपं आहे. पेट्रोल सरकलं की इंजिन आधी मिसिंग करतं आणि वळण संपल्यावर आपोआप सावरतं. टिप-ओव्हर सेन्सरने कापलं तर एकदम मेल्यासारखं बंद होतं आणि किल्ली बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही. पेट्रोलचं असेल तर इलाज स्वर्ल पॉट, म्हणजे पंपाला सतत पेट्रोल पुरवणारी छोटी जोडटाकी. तिथे कुठलाही ईसीयू कामाचा नाही.

सेन्सरचं असेल तर त्याच्या सिग्नलच्या तारेवर मल्टिमीटर लावा. सुझुकीत सरळ स्थितीत ०.४ ते १.४ व्होल्ट दिसतात, आडवा केल्यावर ३.७ ते ४.४. सेन्सर काढून ५ व्होल्टच्या तारेपासून सिग्नलपर्यंत ३.९ किलोओहम आणि सिग्नलपासून अर्थपर्यंत (ग्राउंडपर्यंत) १ किलोओहमचा रेझिस्टर लावला की सुमारे १ व्होल्ट कायम मिळतो. मात्र त्या बदल्यात फ्युएल पंपाच्या रिलेत इनर्शिया स्विच (जोराचा धक्का बसला की वीज तोडणारा) घालायलाच हवा, नाहीतर अपघातानंतर पंप चालूच राहील.

खालच्या गियरचा दम ही मॅपची गोष्ट. सुझुकीचा ईसीयू गियर पोझिशन सेन्सर वाचून खालच्या गियरमध्ये इग्निशन मागे ठेवतो, म्हणजे स्पार्क उशिरा देतो. इथे पिगीबॅकची मर्यादा तुम्ही म्हणता तशी आहेच: साधा पिगीबॅक फक्त इंजेक्टरची वेळ बदलतो, स्पार्कला हात लावत नाही. पण म्हणून लगेच स्टँडअलोन नको. मूळ ईसीयू फ्लॅश करून (त्यातला प्रोग्रॅम बदलून) सगळ्या गियरना एकच इग्निशन मॅप देता येतो. फक्त लक्षात ठेवा, कारचं वजन बाइकच्या दुपटीहून जास्त असतं, त्यामुळे पूर्ण थ्रॉटलला इंजिन मधल्या आरपीएममध्ये बराच जास्त वेळ राहतं. बाइकवर चाललेला ॲडव्हान्स (स्पार्क जितका आधी दिला तो) इथे नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, करू शकतो. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) आधी दोन-तीन अंश कमीच ठेवा.

आता पंखा. बाइकचा अल्टरनेटर कारच्या मानाने फारच लहान. आयडलला पंखा, दिवे आणि पंप एकदम चालले की व्होल्टेज १४ वरून १२ च्या खाली येतं. इंजेक्टर उघडायला लागणारा मृत वेळ १४ व्होल्टला साधारण १ मिलीसेकंद असतो. व्होल्टेज पडलं की तो वाढतो. आयडलला पूर्ण पल्सच २-३ मिलीसेकंदांची, त्यात ०.२ गेले तरी मिश्रण लगेच लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. पंखा रिलेवर घ्या, जाड अर्थ थेट इंजिनावर आणा, रेग्युलेटर तपासा. स्टँडअलोनमध्ये तर हा व्होल्टेजचा तक्ता तुम्हालाच भरावा लागतो आणि बरेच जण तो कोराच सोडतात.

मग स्टँडअलोन कधी? टर्बो लावला तर नक्की, कारण मूळ ईसीयू बूस्टसाठी (टर्बोच्या दाबासाठी) बनवलेलाच नाही. कार्ब्युरेटरचं इंजिन इंजेक्शनवर न्यायचं असेल तर. किंवा इमोबिलायझरची किल्लीच मिळाली नसेल तर. एअरबॉक्स काढून उघडे ट्रंपेट (हवा घेणारे भोंगे) लावले, एवढ्याने नाही. ते फ्लॅशिंगने जमतं.

आणि लावलाच तर मॅपिंगच्या आधी टायमिंग लाइट घ्या, म्हणजे स्पार्कच्या क्षणी क्रँकवरची खूण दाखवणारा दिवा. इग्निशन १० अंशांवर लॉक करा आणि आयडलपासून ६,००० पर्यंत खूण बघा. खूण सरकत गेली तर क्रँक सेन्सरच्या दोन तारा उलट्या असण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यानंतर ड्वेल, म्हणजे स्पार्कआधी कॉइल भरायचा वेळ. १२,००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ५ मिलीसेकंदांत संपतो. वेस्टेड स्पार्क (प्रत्येक फेऱ्याला एक स्पार्क) असेल तर कॉइलला तेवढाच वेळ. कारच्या कॉइलचा ४ मिलीसेकंदांचा आकडा स्टिक कॉइलला (प्लगवरच बसणाऱ्या बाइकच्या छोट्या कॉइलला) दिला की ती भाजून निघते. मग चारही थ्रॉटल व्हॅक्यूम गेजवर जुळवा आणि तक्त्यात थ्रॉटलचे ०, १, २, ३, ५, ८, १२, २०, ४० टक्के असे टप्पे घ्या. समान अंतराचे टप्पे घेतले तर सुरुवातीच्या ५ टक्क्यांत, जिथे हवा सगळ्यात झपाट्याने वाढते, तिथेच तक्ता आंधळा राहतो.

तुमच्याकडे बाइकचा मूळ डॅशबोर्ड मीटर अजून जोडलेला असेल तर मोड कपलर (तपासणीचा प्लग) शॉर्ट करून बिघाडाचे कोड वाचा. सी२३ म्हणजे टिप-ओव्हर, सी३१ म्हणजे गियर पोझिशन. त्यासोबत पंखा चालू आणि बंद असतानाचं बॅटरीचं व्होल्टेज इथेच लिहा. ते आकडे बघूनच तुमच्या गाडीला नवा ईसीयू हवा की नाही, ते सांगता येईल.