चोवीस आटे

परवा सायकलच्या दुकानात मी देव पाण्यात घालून उभा होतो. पॅडलच्या आसाचा नवा कप माझ्या फ्रेममध्ये बसू नये म्हणून.

चूक माझीच. आजोबांची सायकल माळ्यावरून काढली आणि हौसेनं फ्रेम पावडर कोटिंगला टाकली. काळा रंग असा जाड बसला की बीबीखाली, म्हणजे पॅडलचा आस बसतो त्या नळीखाली, ठोकलेला नंबर त्यात पुरला गेला. आता बोट फिरवलं की एक सात लागतो, पुढे नुसतं टेंगूळ. पुढच्या नळीवरचा बिल्ला कधीचाच गेलेला, साप चावल्यासारखी दोन भोकं तेवढी उरलीत. चेनव्हीलमध्ये रॅलेच्या खुणेचे बगळे असते तर वादच मिटला असता, पण वडिलांनी कॉलेजात असताना ते विकून चहा-सिगारेटची सोय केली होती. घरात मात्र ती ‘रॅले’च. १९४९ साली आजोबांना लग्नात मिळालेली, थेट विलायतेची.

उरला एकच पुरावा, बीबीचे आटे. इंचाला चोवीस, ही इंग्रजांची रूढ पद्धत. नॉटिंगहॅमच्या रॅलेवाल्यांना ती पसंत नव्हती. त्यांनी आपले वेगळे सव्वीस पाडले. (पेठेत शोभली असती कंपनी.) म्हणजे साधा कप अडला तर रॅले, सुळकन आत गेला तर कुणीही.

मिस्त्री डबे उपसत होता. तेवढ्यात बाकावरून आवाज आला, “हिंद आहे.”

नातवाच्या सायकलचं पंक्चर काढायला आलेले एक काका. हातात छत्री, पायात वहाणा, आणि जगाला भरपूर वेळ असल्याचा चेहरा.

“रॅले आहे, काका.”

“असं तुम्ही म्हणता.” ते उठले. नारळवाल्यासमोर उभं राहावं तसे फ्रेमसमोर उभे राहिले आणि वाकवलेल्या बोटानं दांडी वाजवली. कान लावला. पुन्हा वाजवली. “रॅले खणखणते. ही बोलतच नाही.”

“रंग जाड झालाय.”

“हंबर नाही. हंबरच्या चिमट्याला दोन-दोन नळ्या.”

“हंबर आहे असं कुणी म्हटलंय?”

“मी बाद करत चाललोय,” काका शांतपणे म्हणाले. “आजोबा काय करायचे?”

“पोस्टात कारकून.”

“मग नाही.”

एवढंच. सत्तर वर्षांचा घरंदाज समज, दोन शब्दांत निकाल. मी चिडून सांगितलं की विकत नव्हती घेतली, लग्नात मिळाली होती. इथे काकांचा चेहरा खुलला.

“हां! सासऱ्यांनी दिली! म्हणजे बोलणी रॅलेची झाली असणार. मांडवात कोण आटे मोजतंय? हिंद घ्यायची, बिल्ला सुटा आणून ठोकायचा. म्हणून तर पडला तो. कंपनीनं ठोकलेला बिल्ला पडत नाही.”

म्हणजे माझ्या आजीचे वडील चोर. पंक्चर काढायला आलेल्या माणसानं, बीबीचं तोंडही न बघता, पाच मिनिटांत माझं आजोळ-पणजोळ उकरून काढलं. या शहरात तुम्हाला काहीही दुरुस्त करून घ्यायचं असेल तर दुरुस्तीआधी तुमची वंशावळ तपासली जाते. गिझरवाल्यानंही मला मागे विचारलं होतं, मूळचे कुठले.

“आणि हिंदमध्ये वाईट काय होतं?” काका आता मिस्त्रीला सांगत होते. “वरळीला कारखाना होता. आपल्या मुंबईत!”

हे मात्र लागलं. हिंदमध्ये खरंच वाईट काय होतं? रॅले इथे बनवणारी आसनसोलची सेन-रॅले तरी कुठे टिकली? १९८० साली सरकारनं दोघींना एकाच कायद्यात बांधून राष्ट्रीयीकरण करून टाकलं. आयुष्यभर एकमेकींकडे नाकं मुरडणाऱ्या दोन जावांना शेवटी एकाच वॉर्डात खाट मिळावी, तसं. आज दोन्ही नाहीत. आम्ही मात्र अजून माळ्यावर गेलं की विलायतच शोधतो. असो. त्या क्षणी मला इतका समंजसपणा सुचला नव्हता. मला फक्त काका खोटे पडायला हवे होते.

मिस्त्रीनं आट्यांतला रंग पोलिस पेपरनं घासून काढला, ग्रीस लावलं, कप बोटांत धरला. पहिला फेरा गेला. पहिला कुठेही जातो, मी मनाला समजावलं. दुसरा गेला. आता अडेल. तिसऱ्याला पाना तर लागला नाहीच, तो एका बोटानं फिरवत होता, वर शीळ घालत.

“बघा साहेब! लोण्यासारखा बसला!” आपल्या कामावर तो इतका खूश होता की मला रडताही येईना.

काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती छत्री काखेत मारली, नातवाच्या सायकलच्या पंक्चरचे पैसे दिले आणि जाताना आजोबांच्या दांडीवर एक टिचकी वाजवून गेले.

“नाव घालायचं का वर?” मिस्त्रीनं ड्रॉवर उघडला. आत स्टिकरांची चळत. “रॅले आहे, अ‍ॅटलास आहे, बीएसए आहे. चाळीस रुपये.”

“हिंद?”

“ते येत नाही.”

काका कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी थांबलो. मग रॅलेचं घेतलं.