दादांची ऐकण्याची तपासणी अर्धी राहिली, त्याबद्दल

नमस्कार ताई,

डाऊन सिंड्रोम असलेल्या तुमच्या भावाच्या तपासणीबद्दल तुम्ही आमच्या क्लिनिकच्या रिव्ह्यूत लिहिलंत: "अकराची वेळ देऊन सव्वा तास ताटकळत ठेवलं. भाऊ बटण दाबत होता तरी टेस्ट मध्येच थांबवली, कानात मळ आहे म्हणून ईएनटीकडे पाठवलं, फी पूर्ण घेतली आणि रिपोर्टवर 'सहकार्य नाही' लिहिलं. आधीच्या सेंटरमध्ये पंधरा मिनिटांत काम झालं होतं." दादांबद्दल तुम्ही इथे जे स्वतः लिहिलंय आणि त्या दिवशी तपासणीत जे झालं, त्याच्या पलीकडचं मी काही लिहिणार नाही.

उशीर झाला ही आमची चूक, आणि ती छोटी नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाला टीव्हीच्या आवाजात, अनोळखी गर्दीत एवढा वेळ बसवलं की साउंडप्रूफ खोलीत शिरेपर्यंत त्याचं लक्ष संपून गेलेलं असतं. आमची तपासणी तर त्या लक्षावरच चालते. 'सहकार्य नाही' हे शब्दही चुकीचे होते. ज्यांनी सव्वा तास वाट पाहून हेडफोन लावू दिला, बटण हातात घेतलं, त्यांच्याबद्दल असं लिहायला नको होतं. मला वाईट वाटतं, आणि दादा येतील तेव्हा हे मी त्यांनाही सांगेन. सुधारलेला रिपोर्ट तयार आहे. त्यात कोणती तपासणी झाली, कोणती राहिली आणि का, एवढंच आहे.

पण टेस्ट थांबवली त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं असतं. बटण दाबलं जात होतं, पण आवाज नसतानाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांच्या बाबतीत हे होतं: बटण दाबलं की समोरचा खूश होतो हे कळतं, मग ते दाबत राहतात. तसाच आलेख काढला असता तर कान प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा चांगले दिसले असते, आणि त्या कागदावर विसंबून तुम्ही पुढची काही वर्षं गप्प बसला असतात. आधीचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. मात्र एकाच तपासणीवर भिस्त ठेवायची नाही, दुसरीने पडताळायची, हा नियम आमच्या क्षेत्रात १९७६ पासून आहे.

मळाचंही तसंच. डाऊन सिंड्रोममध्ये कानाची नळी बऱ्याचदा अरुंद असते, मळ लवकर साचतो, पडद्यामागे पाणीही साठतं. पेशंटने प्रतिसाद न देता होणारी ओएई तपासणी (आतल्या कानातून परत येणारा बारीक आवाज मोजणारी) अशा कानात फेल दाखवते, आणि दोष आतल्या कानावर जातो. म्हणून आधी मळ काढणं. 'मग सरळ बेरा का नाही केली?' असं तुम्ही त्या दिवशी विचारलंत आणि मी घाईत उत्तर दिलं. बेरा म्हणजे डोक्याला तारा लावून, आवाजाला कानाची नस कसा प्रतिसाद देते ते मोजणं. त्यासाठी माणूस अगदी शांत पडलेला, शक्यतो झोपलेला लागतो. झोपेचं औषध द्यायचं तर हृदय आणि झोपेतला श्वास आधी डॉक्टरांनी तपासायला हवा. ते माझ्या क्लिनिकमध्ये करण्याचं काम नाही.

तुम्ही लिहिलंय की दादा हल्ली हट्टी झालेत, हाक मारली तरी येत नाहीत. मला काळजी याचीच आहे. डाऊन सिंड्रोममध्ये वयामुळे येणारा बहिरेपणा इतरांपेक्षा बराच लवकर, तिशी-चाळिशीतही सुरू होऊ शकतो, आणि घरात तो हट्ट किंवा विसराळूपणा वाटतो. म्हणून रागावलात तरी तपासणी अर्धी सोडू नका, आमच्याकडे नाही तर दुसरीकडे करा.

आमच्याकडे आलात तर उरलेल्या तपासणीची वेगळी फी नाही. सकाळी साडेनऊची पहिली वेळ, टीव्ही बंद, आणि थकले तर तिथेच थांबून दुसऱ्या दिवशी पुढे. इथून पुढे असा प्रत्येक पेशंट याच वेळेला घेतला जाईल. मळ काढून झाल्यावर आठवडाभर घरी रोज पाच मिनिटं एक सराव करून घ्या: हेडफोन लावून मोबाईलवर मध्येच छोटा आवाज द्यायचा, आवाज आला की दादांनी वाटीत एक राजमा टाकायचा. आवाज नसेल तर हात थांबवायचा, हे जास्त महत्त्वाचं. जमलं की फोन करा, आणि येताना तीच वाटी घेऊन या. बटणाऐवजी आपण तीच वापरू.

ऑडिओलॉजिस्ट आणि क्लिनिकची मालक